दाविदाच्या पुढे लाल सिग्नल

मिर्यम झिराडकरचा कुणावर विश्वास बसलेला मी पाहिलेला नाही. दूधवाल्याने किटली टेकवली की आधी ती दुधाचा थेंब नखावर धरून बघते. मासळीवालीला टोपली उतरवू देत नाही, तोच विचारते, "खवले दाखव. खवल्याशिवाय मासा माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही." समोरच्या बंगल्यात शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी उतरली, की कोण कुणाबरोबर आलं आणि कुणाबरोबर परत गेलं, हे पडद्याआडून बघून मला सांगते. मी एकदा विचारलं, "देवावर तरी आहे का गं विश्वास?" तर म्हणाली, "आहे. पण त्याच्याशीसुद्धा आम्ही हुज्जत घालतो. आमच्यात ते चालतं."

आमच्यात म्हणजे बेने इस्राएल लोकांत. महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. कोकणच्या किनाऱ्यावर बोट फुटून उतरलेले, पुढे तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. हे मला मिर्यमनेच सांगितलं. लोणावळ्यात ते कुणालाच ठाऊक नाही. इथे नाव मिर्यम, नवऱ्याचं नाव डॅनियल, म्हणजे माणसं ख्रिस्ती, हे गावाने कधीच ठरवून टाकलंय. पोस्टमन तिला मेरी मॅडम म्हणतो. डिसेंबरात निम्मी गल्ली तिला नाताळच्या शुभेच्छा देते. "अहो, तो आमचा सण नाही," असं ती म्हणाली की लोक म्हणतात, "मॅडम, लाजता काय!" तिच्या दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली आहे. आत धर्मवचन लिहिलेलं चामडं असतं, जाता-येता ती डबीला हात लावून बोटं ओठांना लावते. केबलवाला एकदा तीच घंटी समजून दाबत उभा राहिला होता.

मी आयुष्यभर नाटकात कामं केली. तरुणपणी नायिका, मग आई, मग सासू, शेवटी पहिल्याच अंकात मरणारी आजी. दौऱ्यांनी कंबर गेली तशी या गावी येऊन राहिले. मिर्यम माझी शेजारीण. ती तळेगावकडे नर्स होती. वराळे गावापासून भाजे गावापर्यंत कितीतरी घरांतली बाळं तिच्या हातावर आली. त्या घरांतून आजही तिला आंबेमोहोर येतो. ती तोही निवडून घेते. "खडे घातलेत का बघते," म्हणते.

डॅनियलभाऊ तिच्या अगदी उलटे. मालगाडीचे गार्ड होते. खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या शेपटाला बसून त्यांनी आयुष्य काढलं आणि त्या एकांतात गळा कमावला. त्यांच्या लोकांत पूर्वी मराठीतून कीर्तनं होत. अब्राहामाची, योसेफाची, कमरेला शेला बांधून, पेटी-तबल्यावर. भाऊंना ती सगळी तोंडपाठ होती. दर रविवारी दुपारी ओट्यावर पेटी निघायची आणि मागच्या आळीतून शांतवन साळवे मास्तर यायचे. मास्तर नगरकडचे, शाळेतून निवृत्त झालेले आणि चर्चमध्ये उपदेश करणारे. कीर्तन त्यांच्यातही होतंच. गोष्टीही त्याच. मी तिसरी. माझं काम फक्त दाद द्यायचं, आणि तेवढं मला छान जमतं.

ते दोघं अब्राहामाची गोष्ट अर्धी-अर्धी गात. बाप मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो. मोळी रचली, सुरी उचलली, देवदूताने हात धरला, झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसला. इथपर्यंत दोघांचा सूर असा मिळायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. मेंढा दिसला की बिनसायचं.

"तो मेंढा म्हणजे पुढे येणाऱ्या आमच्या प्रभूची खूण," मास्तर म्हणायचे.

"मेंढा तो मेंढा," भाऊ पेटीचा भाता दाबून धरायचे. "मास्तर, आमच्या गोष्टीतली जनावरंसुद्धा तुम्ही सोडत नाही."

"जुन्या करारात सावली आहे, भाऊ. नव्यात देह आहे."

"जुना म्हणायला दुसरं लग्न व्हावं लागतं. आमचं एकच झालं. अजून टिकून आहे."

"पहिलं मोडलं असं कोण म्हणतंय? ते पुरं झालं, असं आम्ही मानतो."

"बायकोला विचारलंत का, ती काय मानते?"

नवस फेडायचा झाला की मिर्यम मलिदा करायची. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, मध्ये गुलाबाचं फूल. ते ताट एलियाहू संदेष्ट्याच्या नावाचं. तो एक दिवस परत येणार, अशी त्यांची श्रद्धा. मास्तर मलिदा आवडीने खायचे आणि खाता खाता म्हणायचे, "पण भाऊ, एलिया येऊन गेला. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रूपाने."

"असं? मग मला न भेटता कसा गेला? मी घरीच होतो."

मिर्यम हे सगळं दाराआडून ऐकायची आणि मास्तर गेल्यावर म्हणायची, "हा माणूस गोड बोलून तुम्हाला एक दिवस पाण्यात बुडवणार." त्यांच्या बाप्तिस्म्याबद्दल तिला तेवढंच ठाऊक होतं. मास्तरांनी एकदा तिला मोठ्या प्रेमाने सांगितलं, "ताई, आमच्या प्रभूच्या आईचं नावही मिर्यमच होतं बरं का." ती म्हणाली, "तिचं पोरगं घरी राहिलं नाही, माझंही राहिलं नाही. साम्य तेवढंच." तिचा रुबेन तेव्हा नुकताच इस्राएलला, अश्दोदला गेला होता.

भाऊंनी मास्तरांना एक नियम घालून दिला होता. एकदा भाऊ न्युमोनियाने पडले असताना मास्तरांनी उशाशी बसून प्रार्थना केली आणि शेवटी आपल्या रिवाजाने येशूच्या नावाने संपवली. भाऊंनी तापातही डोळे उघडले. म्हणाले, "मास्तर, माझ्यासाठी मागायचं तर दावीद राजाचं स्तोत्र म्हणा. तो तुमचाही आणि माझाही. दाविदापर्यंत या. त्याच्या पुढे लाल सिग्नल." मास्तर खूप दुखावले. नंतर हसले. आणि तो नियम त्यांनी पाळला, निदान ओट्यावर तरी.

मग करोना आला.

दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडली. भाऊ एका दवाखान्यात, मिर्यम दुसऱ्यात. भाऊ गेले तेव्हा मिर्यमच्या नाकाला नळी होती. रुबेनची विमानं बंद. मी स्वतः अंथरुणाला खिळलेली. दवाखान्यात कुणीतरी नाव वाचलं, डॅनियल, आणि धर्माच्या जागी ख्रिश्चन असं ठोकून दिलं. गाडी थेट चढावरच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेली. तिथल्या लोकांनी मास्तरांना फोन केला. मास्तर गेले. भाऊंजवळ त्या दिवशी आपलं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं.

मिर्यम बरी होऊन घरी आली आणि चार पावलं टाकता येऊ लागल्यावर मी तिला तिकडे घेऊन गेले. भाऊंच्या कबरेवर लाकडी क्रूस होता. पांढऱ्या रंगाचा, बाकीच्यांसारखाच.

ती फाटकातूनच मागे वळली. मला म्हणाली, "बुडवला. मेल्यावर बुडवला."

त्यानंतर ती मास्तरांशी बोलली नाही. मास्तर मात्र दर शुक्रवारी दुपारी येत. शुक्रवारी सांजेला तिच्या घरी शाब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागतो, पेल्यात पाणी आणि वर तेल. मास्तर त्या दिव्यासाठी खोबरेल तेलाची बाटली फाटकाशी ठेवून, मान खाली घालून निघून जात. कधी वर बघत नसत. मिर्यम पडद्याआडून सांगायची, "बघ, बघ. चोराची चाल आहे की नाही? काहीतरी केल्याशिवाय माणूस असा तेल वाहत नाही." ती बाटलीला शिवायची नाही. इतकं चांगलं तेल वाया जायला नको म्हणून मी घेऊन जायचे. माझे केस या वयात इतके दाट कसे, असं लोक विचारतात.

यंदा वल्हांडण या त्यांच्या सणानंतर रुबेनचा फोन आला. सगळ्या परवानग्या हातात आल्या होत्या. पुढच्या पंधरवड्यात तो येणार, वडिलांची हाडं काढून पुण्यातल्या ज्यू दफनभूमीत नेणार. मिर्यमनेच तो हट्ट धरला होता. पण फोन ठेवल्यापासून ती बेचैन झाली.

"आसावरी, आमच्यात मेलेल्याची झोप मोडत नाहीत. फार मोठं पाप आहे ते. तसंच कारण असेल तरच."

"कारण आहे ना. क्रूस आहे."

"क्रूस लाकडाचा आहे. लाकूड काढता येतं." ती चौकटीवरच्या डबीकडे बघत होती. "त्याच्यावर माती पडताना कुठलं नाव घेतलं गेलं, ते मला कळायला हवं. दुसऱ्याच्या देवाच्या नावाने त्याला वाटेला लावला असेल, तर मी त्याला उकरून काढणार, पाप लागलं तरी. नसेल लावला, तर मी त्याला हात लावू देणार नाही, रुबेनलासुद्धा. तिथेच शेजारी मलाही ठेवा."

"मग मास्तरांना विचार."

"तो खरं सांगेल होय? तू जा. तू नटी आहेस. माणसाचं तोंड वाचता येतं तुला."

मी गेले. भाऊंच्या पेटीचा एक सूर दबतोय, हे निमित्त. मास्तरांच्या सुनेने, सारिकाने, चहा दिला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "भाऊंना ठेवलं त्या दिवशी तुम्हीच होतात ना? काय म्हटलंत हो त्यांच्यासाठी?"

रंगमंचावर एखादा नट वाक्य विसरला, की त्याचा हात आधी हलतो. काहीतरी उचलतो, काहीतरी ठेवतो. मास्तरांनी बशी उचलली, कप दुसऱ्या बाजूला ठेवला, परत पहिल्या जागी आणला.

"म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं नाही," ते म्हणाले. "आणि जे नाही म्हटलं, त्याबद्दल मला विचारू नका, आसावरीताई. ते माझं आणि त्याचं आहे."

"त्याचं म्हणजे भाऊंचं?"

त्यांनी वर बोट केलं आणि रडू लागले. सारिका माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच त्यांना मारलंय. मी पेटी न दाखवताच उठले. वाटेत माझी खात्री पटत गेली. हा माणूस लपवतोय. लपवतोय आणि ते त्याला खातंय. मिर्यमचा संशय बरोबर होता.

मी तिला सगळं सांगितलं. ती नुसती मान हलवत होती. मग म्हणाली, "साक्षीदार हवा. खणणारा कोण होता?"

खणणारा अंबाजी. भाजे गावचा. त्या काळात दफनभूमीचं काम करायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तो यायचा. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षा करून भाज्याला गेलो. अंबाजी अंगणात कुदळीला दांडा बसवत होता. मिर्यमला बघून उठलाच.

"नर्सबाई! या, या. अगं, खाट टाक, नर्सबाई आल्यात. आमची सारी पोरं ह्यांच्याच हातावर झाली."

"अंबाजी, माझ्या नवऱ्याला तू मूठमाती दिलीस. तेव्हा साळवे मास्तर काय म्हणाले, ते मला खरं सांग."

अंबाजीने दांडा खाली ठेवला. आमच्या दोघींच्या तोंडाकडे नीट बघितलं. "पार्थना केली की. लय झ्याक केली."

"शेवटी कुणाचं नाव घेतलं?"

"येशूचं. घेतलंच की. दोनदा घेतलं."

मिर्यमने खाटेची कड धरली.  पण ती नर्स आहे. रोगी दुखणं सांगायला लागला की त्याच्या शब्दांपेक्षा दुसरीकडेच बघते.

"तू ऐकलंस?"

"आइकलं म्हंजी... ओठ हालताना दिसलं ना."

"मास्कातून?"

अंबाजी खाली ठेवलेला दांडा पुन्हा चाचपू लागला. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता, तो थांबला. त्याची बायको भामाबाई दारात आली, पिठाच्या हातांनी.

"कशाला वं खोटं बोलताय म्हातारीसंगं? तवा घरी यून मला येगळंच सांगितलंत की. तुमी फावडं धरून त्या जांभळीखाली हुबं व्हता, लांब."

"मग त्याचं नाव घेतलं, असं का म्हणालास?" मिर्यमचा आवाज चढला.

"तुमी किरिस्ताव न्हवं?" अंबाजी कळवळून म्हणाला. "मला वाटलं, देवाचं नाव घेतलं म्हनलं की तुमाला बरं वाटंल. मानसाला बरं वाटावं म्हनून बोललो, बाई. त्यो क्रूसबी मीच लावला की. मास्तर नगं म्हनलं व्हते. पर सगळ्यांना हाय आन ह्यांना न्हाई, उघडीबोडकी कबर बरी दिसती व्हय? नर्सबाईंचा मालक हाय म्हनून चांगला रंग देऊन लावला."

 मीच विचारलं, "क्रूस तू लावलास?"

"माज्या हातानं."

"आणि त्या दिवशी खरं काय झालं?"

अंबाजी टाचांवर बसला. "कसं सांगू. तसल्या कामात आमचं एक ठरल्यालं आसतं. पाद्री असो, मास्तर असो, ते म्हनत ऱ्हात्यात, आमी फावडं धरून हुबं. शेवटाला येशूचं नाव घेत्यात, मंग आमेन म्हनत्यात. त्यो आमचा इशारा. आमेन आलं की आमी माती वढतो. त्या दिशी मास्तर लय येळ म्हनत व्हते, मोठ्यानं, गान्यासारकं. आन एकाएकी गप झालं. आमी वाट बघतोय. नाव न्हाई, आमेन न्हाई. ती किटातली दोन मानसं मला म्हनतात, वढ की. मी म्हनलं, इशारा कुटं आलाय? शेवटी मास्तरांनी नुसता हात केला, आन तोंड फिरवलं. तवा वढली."

नाटकाचंही असंच. दुसरा नट आपलं शेवटचं वाक्य बोलत नाही, तोवर आपण पाऊल टाकत नाही. मी उभा जन्म त्या वाक्यांची वाट बघत विंगेत उभी राहिले आहे. अंबाजीला शब्द आठवले नसते, तरी न आलेला इशारा तो विसरणं शक्य नव्हतं.

रिक्षात मी म्हटलं, "झालं ना समाधान?"

"मनात म्हटलं असेल," मिर्यम म्हणाली.

"अगं बाई!"

"आणि क्रूस? अंबाजीने लावला. मास्तर दर रविवारी त्या चढावर जातात, आपल्या बायकोच्या कबरेवर फुलं ठेवायला. चार वर्षं तो क्रूस त्यांना दिसला नाही? नको म्हणणाऱ्याने काढला का नाही?"



दुपारी मास्तर तेल घेऊन आले. नेहमीसारखी मान खाली. बाटली ठेवायला वाकले तर समोर मिर्यमच्या चपला. ती फाटकाला टेकून उभी होती. मी ओट्यावर, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"मास्तर, अंबाजी म्हणतो तुम्ही आमेन म्हटलं नाहीत."

मास्तर वाकलेलेच राहिले. "नाही म्हटलं."

"का?"

"भाऊंचा सिग्नल होता ना." ते हळूहळू सरळ झाले. "दाविदापर्यंत गेलो, ताई. सगळं स्तोत्र म्हटलं. पुढचं नाव ओठांवर आलं आणि भाऊ दिसले, झेंडा घेतलेले. थांबलो. आणि ते नाव नाही, तर आमेन कशावर म्हणू? माझं आमेन त्या नावाशिवाय उभं राहत नाही."

"मग चार वर्षं तोंड का चुकवता?"

"तुमच्यामुळे नाही चुकवत." मास्तरांचा हात बाटलीच्या झाकणाशी चाळा करत होता. "मी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा प्रभूच्या नावाशिवाय कधी संपवली नाही. आणि उघड्या कबरेपाशी, जिथे ते नाव सगळ्यात जास्त हवं, तिथे गिळलं. आमच्या प्रभूला एका शिष्याने शेकोटीपाशी असंच नाकारलं होतं, ओळखतच नाही म्हणून. मी त्या शिष्यावर कितीदा उपदेश केलाय. आता करवत नाही. तुमचा दिवा दिसला की ते सगळं आठवतं. म्हणून खाली बघतो."

 मला वाटलं, मिर्यम विरघळली. पण ती मिर्यम आहे.

"आणि क्रूस? तो चार वर्षं दिसत होता ना?"

"पहिल्या रविवारीच दिसला. काढायला गेलो. दोन्ही हातांनी धरला." त्यांनी बाटली काखेत धरून हात पुढे करून दाखवले.  "नाही उपटवला. एकदा नाव गिळलं होतं. आता क्रूस स्वतःच्या हाताने उपटायचा, ताई... तेवढं माझ्याच्याने झालं नाही. अंबाजीला सांगितलं असतं, तर तेही मीच उपटल्यासारखं. भाऊंचा मी अपराधी आहे, तेवढ्यापुरता. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."

"म्हणजे अर्धं माझ्या नवऱ्याचं ऐकलंत आणि अर्धं तुमच्या देवाचं."

"हो."

"आणि दोघंही तुमच्यावर नाराज."

मास्तरांना काय झालं कोण जाणे, ते हसले. रडता रडता, फाटकाला धरून. मिर्यम हसली नाही. तिने त्यांच्या काखेतली बाटली काढून घेतली, उन्हाकडे धरून बघितली, झाकण उघडून वास घेतला.

"घाण्याचंच आहे ना?"

"घाण्याचं."

"रविवारी चढावर या. तुमची उपासना संपल्यावर. डॅनियल तेव्हाच तुमच्याशी भांडायला बसायचा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू, इतकी वर्षं माझं तेल डोक्याला लावतेस ते कळतं मला."

रविवारी दुपारी आम्ही तिघं चढ चढलो. अंबाजी फावडं घेऊन आधीच आला होता. मिर्यम या वेळी फाटकातून मागे फिरली नाही. कबरेपाशी जाऊन तिने अंबाजीला नुसती मान हलवून सांगितलं. त्याने क्रूस दोन्हीकडून हलवला आणि अलगद वर काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रंग त्याचाच होता शेवटी. मिर्यमने पदराचं टोक हातावर घेऊन क्रूस धरला, त्यावरची माती झटकली आणि मास्तरांच्या हातात दिला.

"हा तुमचा. नीट ठेवा. मी फेकलेला नाही."

मास्तरांनी तो छातीशी धरला.

"आता म्हणा," ती म्हणाली. "त्या दिवशी म्हटलंत तसंच. जिथे थांबलात तिथेच थांबा. मला ऐकायचंय."

मास्तरांचा आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही. वरचा सूर फाटतो. पण त्यांनी ते स्तोत्र भाऊंच्या चालीवर घेतलं, ओट्यावर ते दोघं मिळून म्हणत त्या चालीवर. कुरणं आली, पाणी आलं, काळोखाची दरी आली. खालून घाटात मालगाडी चढत होती, तिला ढकलणाऱ्या इंजिनांची धाप ऐकू येत होती. शेवटची ओळ संपली आणि मास्तर थांबले.

मिर्यम त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. नखावरच्या दुधाच्या थेंबाकडे बघते तशी. आज मास्क नव्हता. मास्तरांनी डोळे मिटले होते, क्रूस घट्ट धरला होता, आणि ओठ मिटलेले होते. अंबाजी फावड्यावर हात ठेवून उभा, कान इकडे.  शेवटी मिर्यमने कबरेकडे तोंड केलं.

"आमेन," ती मोठ्याने म्हणाली.

आणि अंबाजीने सवयीने फावडं उचललं. क्रूस निघाला होता तिथला खड्डा तो भरू लागला.

"नीट दाब," मिर्यम त्याच्या डोक्यावर उभी राहून म्हणाली. "पोकळ ठेवशील तर पावसाळ्यात पाणी मुरेल. मी परत बघायला येणार आहे." मग तिने पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. चष्म्याशिवाय तिला नंबर दिसत नाहीत. "रुबेनला लाव. म्हणावं, खणणाऱ्यांना नको सांग. त्याऐवजी पुण्याहून आपल्यातले नऊ जण आण, दहावा तू. बापासाठीची प्रार्थना दहा पुरुषांशिवाय म्हणता येत नाही, ती तेवढी राहिलीय. आणि शेजारची जागा मोजून घे म्हणावं, माझ्यासाठी."

मास्तरांनी डोळे उघडले. "ताई, त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा राहिलो तर चालेल?"

मिर्यमने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आत या," ती म्हणाली. "डोळ्यासमोर बरे."